पालखीपुढचा सॅक्सोफोन

बँडवाल्यांना किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपसूक साठतात. मांडवाबाहेर बसून पंगत उठायची वाट बघण्यात आमचा अर्धा जन्म गेला. दुसरं करणार काय? महाडच्या आमच्या बँडात मी क्लॅरिनेट वाजवायचो. पण किस्से सांगावेत ते एकाचेच, पोलादपूरकडच्या सखारामचे!

सखाराम मुंबईत हॉटेलात जाझ वाजवायचा. दारूबंदी आली, हॉटेलं ओस पडली आणि हा सॅक्सोफोन घेऊन एस.टी.तून महाडला उतरला. आमच्या मास्तरांनी ते पितळी धूड चारी बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं,

"यात तंबाखू कुठून भरतात?"

परत यायचं खरं कारण मात्र घरात होतं. त्याचा बाप भागाबाबा गावच्या पालखीपुढे सनई वाजवायचा. घराचा पिढीजात मान! पण म्हाताऱ्याचे दात गेले, फुंक टिकेना. शिमग्याला घरातल्या कुणी वाजवलं नाही, तर मान वरच्या वाडीला जाणार. आणि सखारामला सनई येत नव्हती.

तालमीत मास्तर म्हणायचे, "काल वाजवलंस तेच वाजव." सखाराम म्हणायचा, "कालचं काल संपलं, मास्तर."

"मग तालमीला येतोस कशाला?"

"चहाला."

मास्तरांनी त्या दिवसापासून चहा तालमीनंतर ठेवला.

महाडजवळच्या नाते गावात एक लग्न होतं. वरात वेशीशी आली आणि सखारामला सूर सापडला. आमच्या कोकणी खालूबाजाची, ढोल-सनईची चाल धरली, तिला मुंबईचे झटके दिले, पुन्हा चालीवर आला, पुन्हा सुटला. आम्ही आपले मागे फरफटतोय! वरात जागची हलेना. घोडा पेंगायला लागला, नवरदेव मुंडावळ्यांतून घाम पुसतोय. शेवटी मुलीचा बाप हात जोडून आला. "अहो, मुहूर्त टळतोय! हे संपणार कधी?"

सखारामनं तोंडातून नळी काढली. "तेच शोधतोय," म्हणाला आणि पुन्हा सुरू!

महाडात एक वकील होते, गाण्यातले दर्दी. निदान स्वतःच्या मते. त्यांनी एका मुंजीत सखारामला गाठलं. "राग कोणता हो?"

"राग कसला? पालखी चढणीला लागली की बाबा वाजवायचे ते हाय."

वकिलांनी डोळे मिटून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कोर्टात चार अशिलांना थांबवून ते सांगत होते, "फार जुना राग. हल्ली ओळखणारे राहिले नाहीत!"

आणि मग शिमगा आला. सखारामनं आम्हांला गावी नेलं. देवळात गावकी बसली होती. वरच्या वाडीचे दगडूदा कडाडले, "देवाम्होरं ही विलायती नळी? नाय चालायची!"

सखारामचं तोंड एवढंसं झालं होतं. बापाचा मान आपल्यापायी जाणार म्हणून दोन दिवस तो धड जेवला नव्हता. मला तर त्याच्याकडे बघवेना. अखेर देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवाच्या पाषाणाला पाण्यानं दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गाऱ्हाणं घालून झालं. कळ्या ढिम्म! तास झाला तरी हलेनात. "देव इचारात पडलाय," गुरव म्हणाला.

"पडंल नायतर काय!" खांबाला टेकून बसलेला भागाबाबा बोलला. "ऐकल्याबिगर त्यानं कौल द्यायचा कसा? वाजव रे!"

सखाराम पुढे झाला आणि उजव्या अंगाला, पाषाणाजवळ उभा राहिला. आधी बापाचीच चढणीची चाल, जशीच्या तशी. मग ती मोडली, वळवली, कुठल्या कुठे नेली आणि परत देवाच्या पायाशी आणून ठेवली. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू? शेवटी त्यानं खालचा जाड सूर लावला. गाभारा घुमला, समईची ज्योत थरथरली आणि उजवी कळी टपकन पडली!

दगडूदा ताडकन उठले. "हा कौल नाय! देवानं नाय दिला! ह्याच्या फुंकीनं पडली!"

सगळ्यांनी भागाबाबाकडे बघितलं. म्हातारा बोळक्या तोंडानं हसला.

"अरे दगडू, माझ्या आज्याला हा मान मिळाला, तवा कळी कशानं पडली असं वाटतंय तुला?"