पाच नंबरची किल्ली

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला यायला नको — आमच्या घरात भूत, बाधा, उतारा, नवस हा प्रकारच नव्हता. वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले. गावात कुणाच्या अंगात आलं की ते मला मुद्दाम घेऊन जायचे आणि म्हणायचे, नीट बघ, ढोंग कुठं हाय ते शोध. अशा बापाचा मी मुलगा. आणि तरी एक गोष्ट पन्नास वर्षं माझ्या घशात अडकून बसली आहे...

गेल्या महिन्यात मुलीकडे नांदेडला गेलो होतो. त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनच्या हातात छडीसारखं यंत्र आहे. भिंतीवर ठिकठिकाणी बिल्ले चिकटवलेत, बिल्ल्याजवळ यंत्र नेलं की टुंई वाजतं आणि हा किती वाजता कुठं होता ते ऑफिसात कळतं. मी म्हटलं, असलंच यंत्र मी पंच्याहत्तर साली खांद्याला लावून फिरलोय. तो हसला. म्हातारा थापा मारतोय असं वाटलं असणार त्याला.

थापा नाहीत. हिंगोलीत — तेव्हा ती परभणी जिल्ह्यात होती — स्टेशनच्या बाजूला एक जिनिंग होती. नाव सांगत नाही. आवारात कापसाच्या गंज्या, त्यात दिवसभर बैलगाड्यांची ये-जा, गाडीवाल्यांच्या तोंडात बिड्या. आगीची भीती दिवसाच जास्त. म्हणून विमावाल्यांच्या आग्रहाने मालकाने पहाऱ्याचं घड्याळ आणलं. पितळेचं, जड, चामड्याच्या पाकिटात, खांद्याला पट्टा.

ते रोज लावायचं काम मुनीमजींचं. झाकणाचं कुलूप फक्त त्यांच्याकडच्या किल्लीने उघडायचं. आत कागदाची गोल चकती बसवायची, चालू तास बाणासमोर आणायचा, चावी द्यायची, झाकण बंद. आवारात सहा ठिकाणी लोखंडी डब्यांत साखळीने बांधलेल्या सहा किल्ल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला उठावाचा आकडा. आम्ही दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक किल्ली घड्याळाच्या भोकात घालून पूर्ण फिरवायची. टक् वाजलं की आत चकतीवर त्या वेळेसमोर तो आकडा उमटायचा. मध्येच कुणी झाकण उघडलंच, तर कागदाला आपोआप टोचा पडायचा. लबाडीला जागाच ठेवली नव्हती बनवणाऱ्याने.

आठ ते दोन मी, दोन ते आठ गफूरभाई. दोघेही रोजंदारीवर. रात्रीचे पहारेकरी म्हातारे होते, ते काठी आपटत फिरायचे, त्यांना हे घड्याळ कुणी दिलंच नाही. दिवाळीनंतर ते घरी बसणार होते आणि त्यांची कायमची जागा आमच्यापैकी एकाला मिळणार होती. जागेबरोबर गेटजवळची खोली. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि शांता अजून साखऱ्यालाच, माझ्या आई-वडलांकडे. मी हिंगोलीत चौघांबरोबर एका खोलीत. ती गेटजवळची खोली मला झोपेतसुद्धा दिसायची.

आता गफूरभाईबद्दल. कळमनुरीचा माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. सहीच्या जागी अंगठा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पण घड्याळ ऐकायचं त्याचं! माझे ठसे निम्मे पुसट, मी घाईत किल्ली अर्धीच फिरवायचो. त्याचे ठसे पाठ्यपुस्तकात छापल्यासारखे. मुनीमजी भिंग लावून दोन्ही चकत्या शेजारी ठेवायचे आणि मला म्हणायचे, बघ, शिक जरा. रोज. चहावालासुद्धा आधी त्याला कप द्यायचा.

मला तो आवडत नव्हता असं नाही... खोटं कशाला बोलू, मला तो सहनच व्हायचा नाही. त्यात एकदा शांता आठवडी बाजाराला आली, मला शोधत गेटवर गेली, तेव्हा त्याची पाळी होती. त्याने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकवली. मग बाजारभर ती मला तेच सांगत राहिली. वर म्हणाली, "तुमच्यापरीस त्यायला बराबर जमतं म्हणं." मी तिच्यासाठी घेतलेल्या बांगड्या तिला नीट दाखवल्यासुद्धा नाहीत.

दिवाळी झाली. मुनीमजी म्हणाले, शनिवारी निर्णय. शुक्रवारी ते कामासाठी परभणीला जाणार होते. त्या दिवशी माझ्या शेवटच्या फेरीत, सव्वा वाजता, विहिरीजवळच्या पाच नंबरच्या डब्यापाशी मी पकडीने साखळीची कडी वाकवली आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. असं काम आयुष्यात मी एकदाच केलं. तिथून सरळ सहा नंबरला गेलो, हेही लिहून ठेवतो.

दोन वाजता मुनीमजींनी माझी चकती काढली, गफूरभाईसाठी नवी घातली, कुलूप लावलं आणि गाडी पकडायला गेले. मी अडीचपर्यंत खोलीवर येऊन पडलो. बाकीचे चौघे कामावर होते. हात खिशात, मुठीत किल्ली. डोक्यात एकच — सहा फेऱ्या, सहा ठिकाणी पाचाची जागा कोरी.

सव्वातीनच्या सुमारास किल्ली मुठीत फिरली.

उजवीकडे, पूर्ण. घड्याळात फिरवतो तशीच, आणि मग परत जागेवर. मला वाटलं, आपलीच बोटं चाळवली. सव्वाचारला पुन्हा. या वेळी मी मूठ आवळून धरली होती, तरी तिने तळव्याची कातडी पिळत नेली. मी ती काढून सतरंजीवर फेकली. सव्वापाचला सतरंजीवर काहीच झालं नाही आणि मला हसू आलं — वडील तिथे असते तर म्हणाले असते, सापडलं ना ढोंग, तुझ्याच मनात हाय. म्हणून सव्वासहाला मुद्दाम परत मुठीत धरली. फिरली. त्यानंतर मी ती हातात घेतली नाही, खिळ्याला टांगून तिच्याकडे पाठ करून बसलो.

शनिवारी सकाळी मी सर्वांच्या आधी पोचलो आणि किल्ली साखळीत अडकवून कडी पुन्हा दाबली. घड्याळ रात्रभर कचेरीच्या कपाटात कुलपात होतं. मुनीमजींनी ते टेबलावर ठेवलं, आम्ही दोघे समोर उभे. ते झाकण उघडणार तोच गफूरभाई पुढे झाला.

"मुनीमजी, पयले माझं ऐका. काल पाच नंबरची चावी जाग्यावर नव्हती. तुमी गावाला गेलेले, सांगू कोणाला? मी दर फेरीला तिथं गेलो, घडी डब्याला टेकवली, जरा उभा राहिलो अन् पुढं गेलो. पाचाचा ठसा न्हाई उमटला. ती कसर माझ्या नावावर धरा."

खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. निदान हरताना तरी या माणसाने लबाडी करायला हवी होती.

मुनीमजींनी चकती काढली, भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग हसून भिंग माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "किसन, तू पढालिखा आहेस. मोज."

मी मोजले. सहा फेऱ्या, सहा पाच. एकही पुसट नाही. सव्वापाचचासुद्धा होता, जेव्हा किल्ली सतरंजीवर निपचित पडली होती. त्या किल्लीवरच्या पाचाची शेपटी झिजून तुटली होती — कुठल्याही ठशात ओळखू यावी अशी. सहाही ठशांत शेपटी तुटलेली. कागदाला टोचा कुठेच नव्हता.

मुनीमजी आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. डब्यात किल्ली होतीच, मीच ठेवलेली. म्हणाले, गफूर, तुझी नजर गेली का रे? पण जो माणूस स्वतःच्या चांगल्या कागदावर शंका घेतो, त्याच्या हाती आवार सोपवून मी निवांत झोपेन. त्याच दिवशी खोली त्याला मिळाली.

संध्याकाळी त्याने मला गेटवर अडवलं. चेहरा आनंदी माणसाचा नव्हता.

"किसनभाऊ, चावी खरंच नव्हती तिथं. मी झूट बोलून न्हाई राहिलो. तू तर सकाळपाळीला होतास, तू सांग ना."

एकच वाक्य हवं होतं. त्या क्षणी जगात फक्त मला माहीत होतं की हा माणूस खरं बोलतोय. पण ते सांगायचं तर किल्ली कुठं होती तेही सांगावं लागणार. मी म्हटलं, "नजर चुकली असंल तुमची."

तो डोळे चोळत आत गेला. पुढे मी ती नोकरी सोडली, दुसरीकडे लागलो, शांताला दोन वर्षं उशिरा आणलं. गफूरभाई त्या जिनिंगमध्ये शेवटपर्यंत होता. अधूनमधून बाजारात भेटायचा आणि दर वेळी आपल्याच डोळ्यांना दोष द्यायचा. चाळिशीच्या आतच चष्मा लावला त्याने, विनाकारण. आता तो नाही. मी त्याला कधीच सांगितलं नाही.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एकाला मी कधीतरी विचारलं, किल्लीशिवाय ठसा उमटेल का. तो म्हणाला, कसा उमटेल? मलाही दुसरं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

पण उत्तर मिळालं तरी मला बरं वाटेल असं नाही. मला सलतं ते वेगळंच. कोण होतं, काय होतं, मला माहीत नाही... पण एवढ्या मोठ्या जगात ते एका माणसासाठी धावून आलं, माझी मूठ पिळून आलं, आणि तो माणूस मी नव्हतो. खोली मलाही हवी होती, शांता माझी वाट बघत होती ना?