संडासातली पत्रकं

भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत मी सिकलसेलच्या प्रचाराला गेलो होतो. रक्ताचा हा आजार आमच्या जंगलपट्ट्यात घरोघरी आहे आणि सरकार झोपलंय, असं मी सगळीकडे ओरडून सांगतो. तिथंही सांगितलं.

मग मुलींपुढे काकडीच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाकल्या. थोड्या वेळानं त्या लुळ्या पडल्या. "पेशीला पातळ पडदा असतो. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी पडद्यातून बाहेर जातं. याला परासरण म्हणतात." चकत्या साध्या पाण्यात टाकल्या, त्या पुन्हा ताठ झाल्या. "रक्ताचंही तसंच. पाणी कमी प्यालात की रक्त घट्ट होतं, तांबड्या पेशीतलं पाणी निघून जातं. सिकलसेल असेल तर ती पेशी विळ्यासारखी वाकते, नसांत अडकते. म्हणून ठणका लागतो."

मागे एक मुलगी गुडघे दाबत बसली होती. तिला हा आजार आहे, हे वसतिगृहाच्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"पाणी काऊन नाई पेत?"

ती गुडघा चोळत राहिली. मी आवाज चढवला, "जीव नकोसा झाला का?"

"भाऊ, पाणी पेलं का मंग जा लागते."

"मग जायचं!"

"कुठी? संडासात तुमचे कागद बसले हायेत."

पोरी खिदळल्या. मला काही कळेना. बाई हळूच म्हणाल्या, "तुमीच निरोप धाडला होता न भाऊ, कोरडी, कुलपाची खोली पाह्यजे म्हणून. संडासाचीच तेवढी गळत नाई."

पावसात रस्ते बंद व्हायच्या आधी आम्ही अख्ख्या भागात वाटायची सिकलसेलची पत्रकं इथं पोचवली होती. कुठं ठेवली, मी विचारलंच नाही. तेव्हापासून या पोरी पहाटे नाल्याकडे जात होत्या आणि दिवसभर तहान मारत होत्या. पत्रकावर ठळक अक्षरांत मीच लिहिलं होतं: पाणी प्या!

ओरडायला समोर कुणीच उरलं नव्हतं. कुलूप काढून गठ्ठे व्हरांड्यात आणू लागलो. पावसाची झड आत येत होती. कागद भिजले, भिजू दिले. मधेच ग्लासभर पाणी तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. आधी लंगडत संडासापर्यंत गेली, आतून कडी लागते का ते लावून पाहिलं. मग परत येऊन ग्लास घेतला.

ती पीत होती तेव्हा मी गठ्ठा उचलायला वाकलो होतो. तिचं पिऊन होईपर्यंत तसाच वाकून राहिलो.