नानांच्या कपाटातला दगड

भूगर्भशास्त्र विभागात अठ्ठावीस वर्षं दगड कापायची नोकरी केली, की माणसाच्या अंगात धूळ साठते आणि डोक्यात किस्से. धुळीसाठी कॉलेज मास्क देतं. किश्शांसाठी काही देत नाही. चहाला दोन माणसं जमली की एक किस्सा बाहेर पडतो, त्याच्या मागून दुसरा.

मी पोवार, कोल्हापूरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. आमचे विभागप्रमुख कांबळे सर. मी दगड कापायचा, घासून घासून कागदाहून पातळ करायचा, काचेवर चिकटवायचा आणि सरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, ही आमची वाटणी. एकदा सरांची उल्कापाषाणांवर मुलाखत छापून आली. शेवटी ओळ होती, 'संशयास्पद दगड आढळल्यास विभागाशी संपर्क साधावा.' झालं! त्या दिवसापासून आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही.

•

पहिल्याच आठवड्यात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून दोघं जण पोतं घेऊन आले. आत काळाकुट्ट, जड दगड, वर बुडबुडे फुटल्यासारखी भोकं. सरांनी विचारलं, "कुठं सापडला?"

"कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून."

"कंपनी कसली?"

"फाउंड्री की!"

सरांनी शांतपणे समजावलं, की हे स्लॅग आहे. भट्टीत लोखंड वितळलं की वर जी घाण तरंगते, ती थंड झाली की अशी दिसते. दोघांची तोंडं पडली. त्यातला थोरला थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हंजे आभाळातनं न्हाय पडला?"

"नाही."

"बरं. पर ट्रकातनं तर पडलाय की! त्याचं काय सर्टिफिकेट मिळतंय का बघा."

•

सर्टिफिकेटावरून आठवलं. गडहिंग्लजच्या बाजूचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "सर, हा दगड उल्का न्हाय असं लिहून द्या." असा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. बाकीचे सगळे 'आहे' म्हणून भांडायचे!

भानगड अशी, की दगड त्यांच्या बांधावर सापडला होता आणि तिघे चुलतभाऊ वाटणी मागत होते. सरांनी तपासला. साधा बेसाल्ट, आपल्याकडं पावलोपावली सापडणारा काळा खडक. लेटरहेडवर तसं लिहून, सही-शिक्का मारून दिलं. गृहस्थ पाया पडून गेले.

पंधरा दिवसांनी परत आले. चेहरा उतरलेला.

"काय झालं? पत्र दाखवलं नाहीत का?"

"दाखवलं की. भाऊ म्हणत्यात, कॉलेजचा शिक्का मारून कागद आणलायस म्हंजे दगड खरा हाय!"

सर हसले नाहीत. म्हणाले, "पोवार, आपलं 'नाही' कुणाला नको असतं हो."

•

आता नाना. शिवाजी पेठेत घर, कागलला स्वतःची फाउंड्री, बोलणं भट्टीच्या आवाजावर मात करायची सवय असल्यासारखं. दिवाणखान्यात काचेचं कपाट आणि त्यात चौदा दगड. तेरा देशोदेशींहून मागवलेले. एक मात्र आपल्याच मातीत पडलेला. नानांच्या फाउंड्रीतल्या एका फिटरच्या आईसमोर, भरदुपारी, गोठ्याजवळच्या वैरणीत धाडकन येऊन पडलेला! मुठीपेक्षा जरा मोठा, वर जळक्या भाकरीसारखी काळी साल.

नानांनी त्या घराला दगडाच्या बदल्यात मुऱ्हा म्हैस दिली होती. सर पहिल्यांदा म्हणाले, "नाना, असा दगड सापडला की सरकारी खात्याला कळवायचा असतो." तेव्हा नाना उसळले, "कळवलं असतं तर खात्यानं म्हस दिली असती व्हय?"

सरांना त्या दगडाचा नखाएवढा काप हवा होता. सहा वर्षं मागत होते. चौदापैकी हा एकच असा, की पडताना कुणीतरी बघितला होता आणि लगेच उचलला होता. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाना, दगड वाचायचा असतो."

"वाचा की! पर पुस्तक फाडून वाचत्यात व्हय?"

"पानं जोडलेली असली तर कापावीच लागतात."

"मग मला मुखपृष्ठ बास हाय!"

ही जुगलबंदी ऐकायला मी रविवारची झोप मोडून जायचो. पण खरं सांगू? सरांचा चेहरा बघून परत येताना जिवाला लागायचं. त्यांना दगड नको होता हो. त्यांना फक्त आत बघायचं होतं.

•

एका पावसाळ्यात आम्ही गेलो तर नाना टेबलावर फडकं पसरून बसलेले. हातात तोच दगड. बोटांनी काहीतरी चोळत होते. सरांनी वास घेतला आणि खुर्चीतच ताठ झाले.

"नाना, हे काय लावताय?"

"मशीन ऑइल. कोल्हापूरचा पाऊस, सर. गंज धरायला लागलाय. दर शनवारी एक हात मारतो."

सरांनी डोक्याला हात लावला. "अहो, अशा दगडांत कार्बनचे कण शोधतात! पृथ्वीच्या आधीचे! आणि तुम्ही सर्व्हिसिंग करताय?"

नानांचा हात थांबला. एवढा मोठा माणूस, दोनशे कामगारांना दम देणारा, परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोरासारखा दिसला. मला त्यांची दया आली. लोखंडावर ज्याचं पोट, तो प्रेमानं तेलच लावणार. दुसरं काय लावणार?

"आतपर्यंत गेलं आसंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून नसेल. पण मुरत जाणार."

•

तेलाचा किस्सा विभागात सांगून मी वर्षभर हशा मिळवला. मग देवानं माझा नंबर लावला.

आमच्या विभागात फार पूर्वीपासून खऱ्या उल्केचा एक तुकडा आहे, सुपारीएवढा. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं आली की मी तो काढायचो आणि त्याला चुंबक लावायचो. टक्! "बघा, चिकटतंय! आत लोखंड आहे!" मुलं टाळ्या वाजवायची. नंतर नंतर मी तुकडा चुंबकालाच चिकटवून ठेवायला लागलो, म्हणजे हरवत नाही.

एक दिवस सरांनी मला खोलीत बोलावलं. समोर काहीतरी वाचायला उघडलेलं. म्हणाले, "पोवार, बसा." सर बसा म्हणाले की काहीतरी वाईट असतं.

दगड तयार होताना भोवती जे चुंबकत्व असतं, त्याची खूण दगडात राहते. कोट्यवधी वर्षं राहते. सूर्याभोवती अजून नुसती धूळ फिरत होती, तेव्हाची खूण! आणि बाहेरून दणकट चुंबक लावलं की ती पुसली जाते. त्या एका 'टक्'सरशी.

मी वीस वर्षं टाळ्या घेत होतो.

"तुमची चूक नाही," सर म्हणाले. "लावायला मीच सांगितलं होतं. मुलाखतीतसुद्धा मीच सांगितलं, घरी चुंबक लावून बघा म्हणून." त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा घेतला नाही.

रविवारी मी नानांना घाबरत घाबरत विचारलं, "तुमच्या दगडाला कधी चुंबक लावलंत?"

"छ्या! घरी आलेल्या पावण्याला आत घ्यायच्या आधी चिमटा काढत्यात व्हय?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच नानांनी वाद जिंकला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

•

नाना एकदाच आपणहून विभागात आले. चप्पल काढायचंही भान नव्हतं. कुणी व्यापारी त्यांच्याकडं येऊन गेला होता. दगड द्या, बारीक तुकडे करून लॉकेटं बनवतो, मागणी आहे म्हणाला.

"लॉकेटं! गळ्यात बांधाय! पेठेच्या कोपऱ्यापर्यंत हाकलत नेला त्याला!"

सर मिश्कीलपणे म्हणाले, "तुमचेच भाऊबंद की नाना. संग्राहक!"

"त्यो संग्राहक न्हवं, खाटीक हाय!" मग जरा थांबून, माझ्या मशीनकडं बघत, "आनि तुमी बी कापनारच की."

"आम्ही कापून ठेवतो, नाना. ते विकतात."

"दगडाला काय फरक पडतोय?"

 

•

आता शेवटचा.

ज्यांच्या वैरणीत दगड पडला, त्या अक्काताई. बोरमाळ नावाच्या पंधरा-वीस घरांच्या वस्तीवर राहतात. एका रविवारी आम्ही नानांकडं बसलेलो असताना मुलाच्या मोटरसायकलवरून आल्या. हातात खरवसाचा डबा. म्हैस व्याली होती.

डबा ठेवला आणि थेट कपाटापुढं जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ दगड बघितला. मग काचेवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून पोराला विचारलं, "काय लिवलंय?"

"नंबर सात."

अक्काताई वळल्या. "नंबर सात? कळंब्याच्या जेलात टाकलासा व्हय ह्येला?"

मला हसू आवरेना. नाना गडबडले. "तसं न्हवं अक्काताई, मोजायला बरं पडतंय."

"मग नाव काय ह्येचं?"

इथं सरांनी तोंड उघडलं. म्हणाले, की असा दगड जिथं पडतो, तिथल्या गावाचं नाव त्याला देतात. जगातल्या सगळ्या उल्कांची यादी असते, तीत ते कायमचं लागतं. फक्त त्यासाठी दगडाचा एक काप तपासावा लागतो आणि थोडा भाग संस्थेत जपून ठेवावा लागतो. बाकीचा मालकाकडं राहिला तरी नाव तेच.

"म्हंजे बोरमाळ?"

"बोरमाळ."

अक्काताई पदरानं तोंड पुसत खाली बसल्या. "सायेब, आमचं नाव येष्टीच्या पाटीवर बी न्हाय. फाट्यावर उतरून चालत जातो आमी. पोरांच्या दाखल्यावर बी शेजारच्या गावाचं नाव." मग नानांकडं वळल्या. "द्या की मग काप."

नाना उठून कपाटाला पाठ लावून उभे राहिले. आवाज चढला होता, पण भांडणाचा नव्हता. "अक्काताई, म्हस मागा, दोन देतो. ह्ये मागू नगासा. लेकरागत सांभाळलाय मी त्याला. चुकलं आसंल, तेल लावलं आसंल, पर जीव लावलाय. माझ्या लेकराला मी पातं लावू देनार न्हाय!"

सर जमिनीकडं बघत होते. पोरगा मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत होता, तो थांबला.

अक्काताईंनी नानांकडं बघितलं. रागानं नाही. घरातल्या धाकट्याकडं बघावं तसं.

"लेकरू म्हनतासा न्हवं? मग नाना, नाळ कापल्याबिगर बारसं कुठं हुतंय?"

नाना कपाटाकडं वळले. मग खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, दगड दोन्ही हातांत घेतला आणि कधी नव्हे ते खालच्या आवाजात मला म्हणाले, "पोवार, तुमच्या मशीनचं पातं किती जाड असतंय हो?"