चाचांचा नाचाचा सिनेमा

दोहामध्ये मी नऊ वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात विनाकारण आनंदी असलेला माणूस मला एकच भेटला. बाकी आम्ही सगळे पगार वेळेवर मिळत असूनही रडके होतो. हा माणूस म्हणजे आमच्या स्टेडियमच्या साइटवरचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे रत्नागिरीकडचे, पंचावन्न ओलांडलेले, दोहाच्या नजमा भागात चौघांच्या खोलीत राहणारे. मॅनेजरपासून मिस्त्रीपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. वर्ल्ड कप जवळ येत होता, प्रत्येकाच्या मानेवर तारीख बसली होती, आणि अशात हे गृहस्थ जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्यांवर टाचा वाजवायचे. तेही सेफ्टी बुटांनी.

या टाचांचं मूळ एका जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटात होतं. तरुणपणी मुंबईत मॅटिनीला त्यांनी तो पाहिला आणि त्यानंतर दुसऱ्या सिनेमाची त्यांना गरजच भासली नाही. थिएटरचा एक दरवान नाचत नाचत रंगमंचावर पोचतो, एवढीच गोष्ट. पण चाचा ती सांगायला बसले की समोरच्याचा चहा गार झालाच. गंमत म्हणजे एवढी भक्ती असूनही त्यांच्यातला सेफ्टी ऑफिसर कधी सुट्टीवर जात नसे. कुणाला सिनेमा दाखवताना नायक शिडीवर चढून गाऊ लागला की ते तो थांबवत. "बघितलंस? शिडी कुणी धरलेली नाही! आमच्या साइटवर असता तर खाली उतरवला असता. गाणं बंद, आधी हार्नेसचा पट्टा." मग सिनेमा पुन्हा सुरू करून डोळे पुसत. सकाळच्या सेफ्टीच्या भाषणातही तो नायक यायचाच. उन्हात उभ्या असलेल्या दोनशे माणसांना चाचा आपल्या रत्नागिरी हिंदीत सांगत, "वो जिना उतरते टाइम पाँव की तरफ देखता नहीं. क्यों? पहले सौ बार देखा है. तुम लोग देखो!"

एका शुक्रवारी मी त्यांना मदिनत खलीफा भागातल्या माझ्या घरी जेवायला बोलावलं, तर पेनड्राइव्ह घेऊनच आले. माझी तेरा वर्षांची मुलगी दहाव्या मिनिटाला वैतागली. "बट चाचा, व्हाय डू दे जस्ट स्टार्ट सिंगिंग?"

"मग काय, अर्ज देऊन गायचं?" चाचा म्हणाले.

ती हसली आणि फोनमध्ये बुडाली. पण पुढे एक लांबलचक नाच येतो, मध्ये कुठेही न तुटलेला. तेव्हा तिचा फोन मांडीवर पालथा पडला. "हे रिअल आहे? नो एडिटिंग?"

"रिअल. दम लागलाय बघ त्याला."

हा सिनेमा कामगारांच्या कॅम्पमध्ये दाखवायचा त्यांनी हट्ट धरला. मॅनेजर लगेच हो म्हणाला, कारण त्याला अहवालासाठी हसऱ्या कामगारांचे फोटो हवे होते. पहिला अर्धा तास माणसं नुसती चुळबुळत होती. फोटोवाल्यानं दोन-चार जणांना हसायला लावलं आणि तो निघून गेला. मग तो नाच आला आणि हॉल गप्प झाला. नाच संपल्यावर सळया बांधणारा एक नेपाळी उभा राहिला. "चाचा, ये कितना बार गिरा होगा?"

"बहुत."

"फिर भी थका हुआ नहीं दिखाया," तो म्हणाला, आणि टाळ्या सुरू झाल्या. दिवसभर उंचावर पाय सांभाळणारी माणसं होती ती. त्या नाचामागचे कष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळले.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं मला बोलावलं. काम संपत आलं होतं, कमी करायच्या माणसांची यादी प्लॅनिंगनं, म्हणजे मी द्यायची होती. सेफ्टीतला एकच जाणार होता: चाचा किंवा एक तरुण पोरगा, जो मॅनेजरच्या ओळखीचा होता. मी चाचांचं नाव लिहिलं. वय झालंय त्यांचं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी खुर्ची सांभाळायची होती. त्यांना पत्र मिळायच्या दिवशी मी शहराबाहेर अल खोर गावात मुळात नसलेली मीटिंग काढून निघून गेलो. पहिली मॅच बघायची त्यांची फार इच्छा होती. फुटबॉलसाठी नाही, त्यांनी तपासलेल्या पायऱ्यांवरून ऐंशी देशांची माणसं कशी उतरतात ते बघायला.

ते गावी परत निघाले त्या दुपारी मी नजमाला त्यांच्या खोलीवर गेलो. चाचा कॉटवर बसून शर्टांच्या घड्या घालत होते.

"एचआरवाल्यांनी फार वाईट केलं, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "हेल्मेट-बूट जमा करून घ्यायला यादीची कॉपी माझ्याकडेच येते. खाली सही तुझी होती."

मी वर एसीकडे बघू लागलो. तो घरघरत होता.

"तुझी पोरगी शाळेत आहे अजून," ते म्हणाले. "माझ्या तिघींची लग्नं झाली. पण तू येऊन सांगायला हवं होतंस रे. मला वाटलं होतं, येशील."

खाली टॅक्सीनं हॉर्न दिला. काहीतरी करायला हवं म्हणून मी घाईनं वाकून त्यांची बॅग उचलायला गेलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

"असं नाही," ते म्हणाले, "गुडघ्यात वाक. पाठ जाईल."