निम्मी जागा

थोरलीच्या नाकावर राग असतो, असं घरात आणि कचेरीत एकमताने म्हणतात. तो तिथे कुणी आणून ठेवला, हे मात्र कुणी विचारत नाही.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन जिथे येतात, त्या कचेरीतले सर्व्हर ती सांभाळते. पूर्वी एकच होता. तो बसला की सगळंच बसायचं. हात धुऊन साहेबांच्या मागे लागून तिने दुसरा आणवला. फोन दोघांत वाटले जावेत आणि एक पडला तर दुसऱ्याने आपणहून सगळा भार उचलावा, अशी मांडणी केली. त्यासाठी एरवी दोघांनी निम्म्याच ताकदीने चालायचं, उरलेली जागा अडीअडचणीसाठी राखायची. साहेबांना तिने हे कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एकदा पहिला मुद्दाम बंद करून बघू, म्हटलं तर म्हणायचे, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?"

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी थोरलीने रजा घेतली. आईला भुलीची धास्ती होती. आत नेईपर्यंत हात सोडणार नाही, असा शब्द थोरलीने दिला होता. धाकटा भाऊही आला होता, पाहुण्यासारखा. आईची औषधं, तपासण्या, डॉक्टर सगळं थोरलीकडे, त्याचं पालुपद एकच, "तू आहेस ना."

तेवढ्यात साहेबांचा फोन. पहिला सर्व्हर पडला होता, दुसरा धापा टाकत होता आणि लोकांचे फोन लागत नव्हते. गाडीची वाट बघणारी माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली. "आलेच हं," म्हणत तिने आईचा हात सोडला. व्हरांड्यात खिडकीच्या कठड्यावर लॅपटॉप उघडून पाहते, तर दुसऱ्या सर्व्हरवर हिशेब विभागाचे वर्षभराचे अहवाल चालू.

"हे कुणी लावले?"

"मीच सांगितलं," साहेब म्हणाले. "निम्मा रिकामाच पडून असतो की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहवाल थांबवले, फोन लागू लागले. धावत परतली तर खाट जागेवर नव्हती. धाकटा मोबाइल बघत बसला होता.

"विचारत होती तुला. मी म्हटलं, येईल."

"तू धरलास का तिचा हात?"

"मी? मला वाटलं, तू येशीलच."

शुद्धीवर आल्यावर आई रुसली असती तर परवडलं असतं. तिने एवढंच विचारलं, "झालं का गं तुझं काम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली कचेरीत गेली. पहिला सर्व्हर रात्रीच दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला होता. दुसऱ्या सर्व्हरवर फोनांशिवाय काही नाही याची खात्री केली, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत पहिल्याची वायर उपटली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडच्या खोलीत मुली फोन घेतच राहिल्या.

"बघितलंत? आता या रिकाम्या जागेला हात लावायचा नाही," म्हणत तिने वायर परत जोडली. मग स्वतःचा मोबाइल बंद केला. "आणि आई घरी येईपर्यंत मला शोधायचं नाही."

दवाखान्यात ती दिसताच धाकटा उठला. "आलीस? मग मी निघतो."

"बस खाली. हात धर तिचा."

त्याने अवघडून आईचा हात हातात घेतला. आईने डोळे न उघडताच विचारलं, "थोरली?"

"नाही गं," धाकटा म्हणाला. "मी आहे."

एवढं म्हणायला त्याला इतकी वर्षं लागली, याचाच थोरलीला जास्त राग आला.