गाड्यांची सावड

चुका सगळेच करतात हो. पण माझी चूक तीन यंत्रांनी मिळून, अख्ख्या कारखान्यासमोर, गोल गोल फिरून दाखवली. आता बोला!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर होतो. स्टोअरमधून लाइनवर पेट्या न्यायला कंपनीने आपोआप चालणाऱ्या तीन गाड्या आणल्या. कुठलं काम कुणी करायचं, ते गाड्यांनीच आपसात ठरवायचं. तो प्रोग्रॅम आला माझ्या गळ्यात. जमला तर मी कायम, नाहीतर इनामगावला परत, म्हशींमागे!

आता मी पडलो शेतकऱ्याचं पोर. कामाची वाटणी म्हटल्यावर मला काय आठवणार? सावड! आज तुम्ही माझ्या खुरपणीला, उद्या मी तुमच्या. मी नियम घातला: कुणी अडलं की मदत करायची, आणि ज्याने आपल्याला मदत केली त्याचं काम आपल्या कामाआधी करायचं. काय डोकं! मला माझाच हेवा वाटला.

चाचणीला मोठे साहेब आले. पहिली गाडी पेटी घेऊन निघाली, चढावर अडली. दुसरीने मागून ढकललं. टाळ्या! दुसरी अडली, तिला तिसरीने ढकललं. तिसरी अडली, तिला पहिलीने. साहेब खूश, मी तर हवेत.

आणि मग तिघींना एकदमच उपकार आठवले हो! तिघींनी आपापल्या पेट्या खाली ठेवल्या. पहिली निघाली दुसरीच्या मागे, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. मधल्या खांबाभोवती नुसती फिराफिर!

स्टोअरचे रफिकमामा ओरडले, "आवं साहेब, ह्यांनी तर फेर धरला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय चाललंय हे?"

"मदत, साहेब."

"कुणाची?"

"एकमेकींची."

"आणि काम?"

"मदत संपली की लगेच!"

"ती कधी संपणार?"

काय सांगू? शेतात संध्याकाळ होते, माणसं घरी जातात. गाड्यांना संध्याकाळ मी शिकवलीच नव्हती! तिकडे पेट्यांवाचून लाइन थांबली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

शेवटी रफिकमामांनीच लाल बटणं दाबली. "पोरा, नुसता बघतो काय? धर ही हातगाडी," म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेट्या आम्ही दोघांनी ओढल्या. माझे हात सोलून निघाले.

साहेब सुटायच्या वेळेला आले. "चढावर अडलास का रे कुठं?"

"नाही, साहेब."

"मधेच कुणाच्या मागं गेलास?"

"नाही, साहेब."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "कायम केलं तुला. उद्यापासून हातगाडीवर!"