बेचाळीस पुड्यांची माती

मला राग पटकन येतो आणि लवकर जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दुपारी शेतात बाबांवर ओरडले, तशी मी आजवर कोणावर ओरडले नव्हते.

वर्ध्याच्या कॉलेजात माझं सूक्ष्मजीवशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं. प्रबंधासाठी आंजीजवळचं आमचंच शेत घेतलं होतं. काळी माती म्हणजे सगळी सारखीच, असं लोकांना वाटतं. साफ खोटं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळाला चिकटलेल्या मातीतले जिवाणू वीतभर अंतरावर बदलतात. बोटभर खोल एक वस्ती, हातभर खाली दुसरीच. मला तेच दाखवायचं होतं. तीन दिवस गुडघ्यांवर बसून, चमचा दर वेळी स्पिरिटने पुसून, मी बेचाळीस पुड्या भरल्या. काही निंबाखालच्या, काही पाणी साचतं त्या खोलगटातल्या, काही धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या. प्रत्येकीवर जागा आणि खोली लिहिली. शेवटच्या दिवशी पुड्या थंड ठेवायच्या डब्यातला बर्फ वितळला, म्हणून बर्फ आणायला गावात गेले.

परत आले तर बाबा निंबाखाली पोतं अंथरून बसलेले. पोत्यावर मातीचा ढीग, बाजूला रिकाम्या पुड्या. ढीग पसरून, त्याचे चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन त्यांनी फेकूनही दिले होते.

"तुह्यं काम हलकं केलं," ते खुशीत म्हणाले. "इतक्या पुड्या कुठी नेशीन? सगळी एकत्र कालवली."

माझं डोकंच फिरलं. "कोनं सांगतलं होतं तुमाले हात लावाले? अडाण्यावानी काऊन करता?"

हातातला बर्फ मी धुऱ्यावर आपटला. उद्या सकाळी ट्रॅक्टर येऊन पऱ्हाटीसकट अख्खं शेत उलटंपालटं करणार होता, पुन्हा पुड्या भरायला वेळच नव्हता. वर्षभराची मेहनत मातीत गेली म्हणावं, तर ती मातीही धड उरली नव्हती. मी बोलत राहिले, तोंडाला येईल ते.

बाबांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "तूच त सांगतलं होतं."

सातवीत असताना माती परीक्षणाचं पत्रक मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. ठिकठिकाणची माती घ्या, एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. खत किती घालायचं एवढंच विचारायचं असेल, तर त्यात चूक काही नाही. पण तेव्हा बाबा अडले होते. "निंबाखालची अन् खोलगटातली माती एक कशी होईन? काऊन मिसळाची?" आणि मी, बोटभर पोरगी, त्यांच्यावर खेकसले होते, "छापलं हाय तसं करा. तुमाले काय समजते!"

तेव्हापासून ते दरवेळी छापल्याप्रमाणे करत आले. जे शोधायला मी तीन दिवस गुडघे सोलले, ते त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि मीच ते त्यांच्याकडून खोडून घेतलं होतं. राग तसाच होता, पण आता तो कोणावर काढू?

बाबांनी ढिगातली चिमूटभर माती बोटांत चोळली, वास घेतला, परत चोळली.

"पयले डोये मिटून सांगत होतो, माती कुठची ते," ते म्हणाले. "आता यातली निंबाखालची कोनती, मलेबी नाई समजत."